कॉकसच्या रात्री मी काकूंची ड्रायव्हर

२०२५ च्या नोव्हेंबरात आमचा वॉर्ड, म्हणजे चर्चची मंडळी, फुटला. भांडण होऊन नव्हे. युटातल्या आमच्या लीहायमध्ये घरं एवढी वाढली की रविवारी मागच्या पडद्यापर्यंत घडीच्या खुर्च्या मांडूनही माणसं उभी राहायला लागली, तेव्हा वरच्या मंडळींनी नकाशावर नवी रेघ मारली. रेघ आमच्याच रस्त्यावरून गेली. मी अलीकडे, चर्चच्या कामातल्या माझ्या जोडीदारीण काकू पलीकडे. कागदोपत्री आमची जोडी त्या दिवशी संपली, आणि दोन वर्षं जे लिहीन लिहीन म्हणत होते ते आता लिहून टाकते. लग्न करून किंवा नोकरीसाठी युटाला आलेल्या दोन-तीन मराठी मुलींनी मला विचारलंय, 'तिथे सगळे एकाच पक्षाचे, तू त्यांच्यात राहतेस कशी?' पक्ष म्हणजे रिपब्लिकन. हे त्यांच्यासाठी.

आधी एक खुलासा. 'मॉर्मन' हा शब्द आम्ही २०१८ पासून स्वतःसाठी वापरत नाही. चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी पूर्ण नाव घ्या असं सांगितलं होतं. ते मराठीत लिहायला गेलं की 'द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' अशी मालगाडी होते, म्हणून इथं मॉर्मनच म्हणते. वॉर्डातल्या कुणी वाचलं तर माफी असावी. (वाचणार नाहीत. मराठी येणारी मी एकटीच.)

वॉर्ड म्हणजे आमची मंडळी, आणि तुम्ही कुठल्या वॉर्डात बसायचं हे तुमचा पत्ता ठरवतो. प्रवचन आवडलं नाही, शेजारच्या बाकावरच्या बाईचं राजकारण आवडलं नाही, म्हणून पलीकडच्या चर्चमध्ये जायची सोय नाही. वाड्यात जसे भाडेकरू निवडता येत नाहीत तसंच.

मी नाशिकची. २०१६ मध्ये एमएस करायला सॉल्ट लेकला आले, २०१८ मध्ये बाप्तिस्मा घेतला, २०१९ मध्ये इथल्याच मुलाशी लग्न केलं, ऑक्टोबर २०२० मध्ये ग्रीन कार्ड हातात पडलं. बाप्तिस्म्याची गोष्ट वेगळी आहे, ती पुन्हा कधीतरी. आईला त्यातलं फक्त एकच पचलेलं नाही: आम्ही चहा-कॉफी घेत नाही. 'मग आल्यागेल्याला देता काय?' असं ती अजून विचारते.

नागरिकत्वाचा अर्ज, म्हणजे एन-४००, मी जुलै २०२३ मध्ये ऑनलाइन भरला. नवरा किंवा बायको अमेरिकन नागरिक असेल तर ग्रीन कार्डाला तीन वर्षं पूर्ण व्हायच्या नव्वद दिवस आधी तो टाकता येतो, बाकीच्यांना पाच वर्षं. तेव्हा ७२५ डॉलर पडले. एप्रिल २०२४ पासून ऑनलाइनला ७१० आणि कागदी अर्जाला ७६० झाले. एकत्र राहतो याचे पुरावे लागतात: जोड खात्याची स्टेटमेंट, टॅक्सचे कागद, घराचा करार. परदेश प्रवासाच्या तारखांसाठी बोर्डिंग पास शोधत कपाट उपसू नका, ईमेलमधली जुनी तिकिटं काढा. मी दोन शनिवार कपाट उपसण्यात घालवले. अर्जात एक प्रश्न होता की आजवर कुठल्या कुठल्या संस्थेचे, मंडळाचे, संघटनेचे सभासद होतात. मी चर्च लिहिलं, कॉलेजातलं एनएसएस लिहिलं, इथलं मराठी मंडळ लिहिलं. नवरा म्हणाला, मंडळ कशाला? म्हटलं, असू दे, वर्गणी भरली होती.

अर्ज गेला, पावती आली आणि वाट बघणं सुरू झालं. त्याच ऑगस्टमध्ये वॉर्डातून निरोप आला की मिनिस्टरिंगसाठी माझी नवी जोडीदारीण ठरली आहे.

हे काय असतं ते सांगते. आमच्याकडे पगारी पाद्री नसतो. आमचा बिशप दातांचा डॉक्टर आहे, रविवारी चर्च सांभाळतो. माणसांची विचारपूस करायचं काम सगळ्यांत वाटलेलं असतं. बायकांची संघटना म्हणजे रिलीफ सोसायटी, १८४२ सालची. तिच्यातर्फे दोन-दोन बायकांच्या जोड्या लावतात आणि प्रत्येक जोडीकडे दोन-चार घरं देतात. कोण आजारी आहे, कुणाला बाळ झालंय, कुणाची नोकरी गेलीय हे बघायचं. जोडी आपण निवडत नाही.

माझ्या वाट्याला आल्या त्यांना इथं काकू म्हणते. वय चौऱ्याहत्तर, नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, एक गुडघा बदललेला, डोळ्यांमुळे रात्री गाडी चालवत नाहीत. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', पण माझ्या डोक्यात त्या पहिल्या दिवसापासून 'तुम्ही'. त्यांचे पूर्वज १८५६ मध्ये हातगाड्या ओढत आयोवाहून इथवर चालत आले. दर सोमवारी पाव भाजतात, एक स्वतःला आणि एक कुणाला तरी. अंगणात बारमाही झेंडा आणि निवडणूक आली की उमेदवाराची पाटी. त्या पाटीवर कुठलं नाव असणार हे मला गाडी लावायच्या आधीच कळलं होतं.

आमच्याकडे दोन घरं होती: जुळी झालेली एक तरुण आई, आणि चर्चला न येणाऱ्या एक आजी, ज्यांना फक्त कचऱ्याचे डबे रस्त्यापर्यंत नेऊन हवे असत. पहिले तीन आठवडे छान गेले. मग सप्टेंबरचा दुसरा रविवार आला.

दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी बायकांचा वर्ग असतो, आणि त्यात चर्चच्या हल्लीच्या अधिवेशनातल्या एखाद्या भाषणावर चर्चा होते. त्या दिवशीचं भाषण नेल्सन यांचं, एप्रिल २०२३ चं. विषय: समेट करणारी माणसं हवी आहेत. भांडण आपण निवडतो, तसा समेटही आपणच निवडतो, असा त्याचा गाभा. चर्चा फिरत फिरत सीमेवर, म्हणजे बाहेरून येणाऱ्या लोकांवर आली. काकू म्हणाल्या, कायद्यानं या, रांगेत उभे राहा, कुणाची हरकत आहे? आणि माझ्याकडे हात करून कौतुकानं म्हणाल्या, हिच्यासारखं.

ते कौतुक मला झोंबलं. मी रांगेत उभी राहू शकले कारण मी इथल्या मुलाशी लग्न केलं. माझ्याबरोबर शिकलेली पुण्याची मैत्रीण नोकरीवरून मिळणाऱ्या ग्रीन कार्डाच्या रांगेत आहे, तिचा नंबर कधी लागेल ते कुणालाच माहीत नाही. हे सगळं नीट सांगता आलं असतं. मी ते सांगितलं नाही. मी म्हटलं, 'तुमचे पायोनिअर १८४७ मध्ये या खोऱ्यात उतरले तेव्हा ही जमीन मेक्सिकोची होती. त्यांच्याकडे कुठले कागद होते?'

पायोनिअर म्हणजे इथं पहिल्यांदा आलेले मॉर्मन. इतिहास बरोबर आहे. हा भाग अमेरिकेकडे आला फेब्रुवारी १८४८ च्या तहानं. पण मी इतिहास सांगत नव्हते, दगड मारत होते, आणि तो कुणाला लागावा हे मला पक्कं माहीत होतं. खोलीत वीसेक बायका. कुणीतरी वहीची पानं उलटली. शिकवणाऱ्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि शेवटचं गाणं दहा मिनिटं आधीच लावलं. गाडीत नवरा म्हणाला, 'वर्ष बरोबर होतं.' त्यापुढे घरापर्यंत काही बोलला नाही.

रात्री मला आमचं नाशिकचं घर आठवलं. २०२२ च्या जूनमध्ये शिवसेना फुटली आणि त्याबरोबर बाबा आणि काकाही. दोघांनी उभ्या आयुष्यात कुठल्या पक्षाचं सभासदत्व घेतलं नव्हतं. त्या वर्षी गणपतीच्या आरतीला एक उजव्या भिंतीला, दुसरा डाव्या. पुढच्या वर्षी काकांनी स्वतःचा गणपती बसवला. आई म्हणते, तेव्हापासून मोदक निम्मे करायला लागतात.

मी सोमवारीच रिलीफ सोसायटीच्या अध्यक्ष बाईंना मेसेज केला की जोडी बदलून द्या. त्या माझ्याच वयाच्या, तीन मुलांच्या आई. म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी आपण बसून बोलतोच, डिसेंबरमध्ये बोलू, तोवर ढकल. मला राग आला. आता वाटतं, त्यांच्याकडे असे मेसेज रोज येत असणार.

पुढच्या रविवारी उशीर झाला आणि नेमकी काकूंच्याच रांगेत जागा मिळाली. प्रभुभोजनाच्या वेळी आमच्याकडे पावाचे तुकडे आणि पाण्याच्या इवल्या कपांचं तबक रांगेतून हातोहात फिरतं. पोरं रांगेच्या टोकाला तबक देतात, पुढं प्रत्येक जण शेजाऱ्यापुढे धरतो. म्हणजे तुमचा घास तुम्हाला शेजाऱ्याच्या हातूनच घ्यावा लागतो. काकूंनी आपला तुकडा घेतला आणि तबक माझ्यापुढे धरलं. संधिवातानं त्यांची बोटं वाकडी आहेत, तबकाच्या मुठीत ती नीट बसत नाहीत, म्हणून खालून दुसऱ्या हाताचा आधार दिलेला. माझ्याकडे बघत नव्हत्या. मी तुकडा उचलायला जरा वेळ लावला. त्यांनी तबक तसंच धरून ठेवलं, हलवलं नाही. मग पाणी आलं, पुन्हा तेच.

मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले. जाताना थर्मास भरून बिनपत्तीचा चहा नेला: गवती चहा, आलं, वेलदोडा, दूध, साखर, फक्त पत्ती तेवढी नाही. आमच्या नियमात हा बसतो. म्हटलं, मी त्या दिवशी वाईट बोलले, चार बायकांत बोलायला नको होतं. काकू म्हणाल्या, 'मी घरी येऊन वाचलं. अठराशे अठ्ठेचाळीस. मला माहीत नव्हतं.' मग एक घोट घेऊन म्हणाल्या, 'माझं मत तेच आहे हं.'

कुठल्याही ठाम मतामागे काहीतरी दुखरी गोष्ट असते असं आपल्याला कुठं तरी वाटत असतं. मी पुढचे कित्येक महिने ती शोधत होते. कुणी नातवंड व्यसनात गेलं असेल, कुठं चोरी झाली असेल. तसं काही नव्हतं. त्यांना ते पटतं, एवढंच. हे कळल्यावर खरं तर बरं वाटलं. दुखणं असतं तर मी त्यांची कीव करत बसले असते.

त्या दिवशी आम्ही एक नियम केला, तो शेवटपर्यंत पाळला. कुणाकडे भेटीला जाताना गाडीत राजकारण नाही. येताना दहा मिनिटं चालेल, काकूंचं घर आलं की बंद. ज्यांच्या घरी सासर-माहेरची मतं जुळत नाहीत त्यांनी हे करून बघा. जाताना बोललं की तो ताप ज्या घरी जातो त्या घरात उतरतो. येताना माणूस दमलेला असतो, आवाज चढत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मला दोन मुलाखती होत्या, दोन आठवड्यांच्या अंतरानं. एक मंदिराच्या परवान्याची. आमच्या मंदिरात जायला दर दोन वर्षांनी परवाना नवा करावा लागतो: एकदा बिशपकडे, एकदा स्टेकमध्ये, म्हणजे अनेक वॉर्डांच्या गटाकडे, तेच प्रश्न दोनदा. त्यात एक प्रश्न असा की सर्व व्यवहारांत प्रामाणिक राहायचा प्रयत्न करतेस का. दुसरी मुलाखत सरकारी. तिथंही शपथ घेऊन खरं बोलायचं, शिवाय नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा. तेव्हा १०० प्रश्नांची यादी असायची, दहा विचारत, सहा बरोबर आले की पास. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना १२८ प्रश्नांची यादी आहे, वीस विचारतात, बारा बरोबर लागतात, तेव्हा जुन्या पुस्तिका वापरू नका. काकूंनी माझा अभ्यास घेतला. गाडीत. राजकारणाच्या नियमात हे बसतं का यावर थोडा वाद झाला, बसतं असं ठरलं. सिनेटर किती, मुदत किती वर्षांची, हे त्या शाळामास्तरणीसारख्या विचारत. उत्तर चुकलं की 'पुन्हा'.

मुलाखत वीस मिनिटांत आटपली. शपथविधी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. हॉलच्या दारात ग्रीन कार्ड काढून घेतात, आणि शपथ होईपर्यंत तुमच्याकडे ना ते ना हे. तो पाऊण तास विचित्र असतो. भारतीय पासपोर्ट मनातल्या मनात तिथंच सुटतो, कागदावर नंतर रीतसर जमा करावा लागतो आणि मग ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांच्या कार्डाचा अर्ज. मला रडू येईल असं वाटलं नव्हतं, आलं. आईला फोन केला तेव्हा तिच्याकडे रात्रीचा एक वाजला होता. ती म्हणाली, 'म्हणजे आता इकडं मत नाही.' बाकी काही नाही.

मतदार नोंदणी युटात ऑनलाइन पाच मिनिटांत होते, ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर. तिथं पक्षाचा रकाना असतो. मी डेमोक्रॅटिकवर खूण केली. लीहायमध्ये हे म्हणजे देशस्थांच्या पंगतीत मासे मागण्यासारखं. पण चर्चचं याबाबतचं धोरण लोक समजतात त्यापेक्षा मोकळं आहे. चर्च कुठल्याच पक्षाला किंवा उमेदवाराला पाठिंबा देत नाही, चर्चची इमारत किंवा वॉर्डातली पत्त्यांची यादी प्रचाराला वापरू देत नाही. २०२३ च्या जूनमध्ये तर वरून पत्र आलं होतं की केवळ परंपरा म्हणून किंवा डोळे मिटून एकाच पक्षाला मत देऊ नका, उमेदवार बघा. चर्चमधले वरिष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनीही चर्चच्या २०२१ च्या अधिवेशनात सांगितलं होतं की अमक्या पक्षाचा माणूस खरा श्रद्धावान असूच शकत नाही असं कुणी म्हणू नये. हे माहीत असलेलं बरं. कुणी भुवया उंचावल्या की उपयोगी पडतं. मला दोनदाच पडलं.

मंगळवार, ५ मार्च २०२४. त्या दिवशी दोन्ही पक्षांची अध्यक्षपदासाठीची निवड होती, पण रीत वेगळी. डेमोक्रॅट लोकांची टपाली मतपत्रिकेनं, रिपब्लिकन लोकांची कॉकसनं, म्हणजे संध्याकाळी आपापल्या भागातल्या शाळेत जमायचं, चिठ्ठीवर मत द्यायचं आणि स्थानिक पदाधिकारी आणि प्रतिनिधी निवडायचे. सकाळी ऑफिसला जाताना मी माझी मतपत्रिका पेटीत टाकली. आयुष्यातलं अमेरिकेतलं पहिलं मत. पाकिटावर सवयीनं मराठीत सही केली. दुपारी काकूंचा फोन: ज्या शेजाऱ्याबरोबर जाणार होत्या तो आजारी पडला, कॉकस सातला, तेव्हा अंधार झालेला असणार, तू सोडशील का?

दोन सेकंद मी गप्प होते. मी नेलं नाही तर तिकडचं एक मत कमी होईल, हा विचार माझ्या डोक्यात आला, लपवत नाही. मग म्हटलं, साडेसहाला येते.

शाळेच्या व्यायामशाळेची रांग पार्किंगपर्यंत. कडाक्याची थंडी. फोटोचं ओळखपत्र लागतं आणि आधी ऑनलाइन नोंदणी केली असेल तर रांग लवकर सरकते. काकूंची मी निघण्यापूर्वी माझ्या फोनवर करून दिली. दारातल्या माणसानं मला विचारलं, तुमचा प्रिसिंक्ट, म्हणजे मतदानाचा विभाग, कुठला? म्हटलं, मी ड्रायव्हर. तो हसला आणि मला शाळेच्या कँटीनमध्ये बसवलं, तिसरीतल्या पोरांच्या खुर्चीवर. बघते तर अर्धा वॉर्ड तिथं. प्रवचनात मागच्या बाकावर झोपणारे गृहस्थ इथं ताठ, हातात कागद. बिशपच्या बायकोनं मला बिस्कीट आणून दिलं. 'तू आमच्यात?' म्हणाली. 'काकूंना आणलंय.' 'असं होय,' म्हणाली आणि आणखी एक दिलं.

दोन तास लागले. काकू बाहेर आल्या त्या सेक्रेटरी होऊन. दुसरं कुणी हात वर करायला तयार नव्हतं म्हणे. मत कुणाला दिलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. युटाच्या त्या कॉकसमध्ये ट्रम्प यांना साधारण ५६ टक्के आणि निकी हेली यांना ४३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली, त्यातल्या कुठल्या बाजूला काकू होत्या हे मला आजही माहीत नाही. पाटी एकाची होती, पण पाटी नवऱ्याच्या काळापासून लावायची सवय होती.

येताना दहा मिनिटांची सवलत होती. काकूंनी मला २०१४ चा कायदा समजावला: उमेदवाराला पक्षाच्या अधिवेशनातून किंवा सह्या गोळा करून, दोन्ही वाटांनी तिकीट मिळवता येतं. नागरिकशास्त्राच्या शंभर प्रश्नांत हे कुठं नव्हतं. पुढच्या महिन्यात गव्हर्नर कॉक्स अधिवेशनात हरले, सह्यांच्या वाटेनं जूनच्या प्राथमिक फेरीत उतरले आणि जिंकले, तेव्हा ते मला पेपर न वाचता कळलं. कॉक्सही आमच्याच चर्चचे. २०२० मध्ये त्यांनी आणि त्यांच्या डेमोक्रॅट प्रतिस्पर्ध्यानं शेजारी उभं राहून, हरलो तरी निकाल मानू, अशी जाहिरात केली होती. मला ती फार आवडते. काकूंना कॉक्स मिळमिळीत वाटतात.

नोव्हेंबरची निवडणूक आली. मतपत्रिका घरी आली, मी भरून पेटीत टाकली. आठवड्याभरानं काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं पत्र: पाकिटावरची सही नोंदीतल्या सहीशी जुळत नाही. झालं होतं असं की लायसन्सवर माझी मराठी सही आहे आणि नागरिकत्वाच्या सर्टिफिकेटवर इंग्रजीत केली होती, तीच या वेळी हाताला आली. अशा पत्राला घाबरायचं कारण नाही. सोबतच्या फॉर्मवर सही करून मुदतीत पाठवला की मत मोजतात. पण मुदत असते, पत्र टेबलावर ठेवून विसरू नका. मी विसरणारच होते. काकूंनी ते माझ्या फ्रिजवर पाहिलं. टपाली मतदानावर त्यांचा बिलकुल विश्वास नाही, हे मला गेल्या वर्षभरात अनेक दहा-मिनिटांत ऐकवून झालं होतं. म्हणाल्या, 'आत्ताच्या आत्ता कर. बरं आहे, निदान तपासतात तरी.' माझं मत कुणाला आहे हे त्यांना अर्थातच ठाऊक होतं. २० नोव्हेंबरला आईनं शाई लावलेल्या बोटाचा फोटो पाठवला. त्यात शेजारी दुसरं एक बोट होतं, काकांचं. मी काही विचारलं नाही.

जानेवारी २०२५ मध्ये चर्चनं स्थलांतरावरचं आपलं म्हणणं पुन्हा काढलं: कायदा पाळा, शेजाऱ्यावर प्रेम करा, कुटुंबं एकत्र राहू द्या. आम्ही दोघींनी ते वाचलं. काकूंनी पहिल्या वाक्याखाली रेघ मारली, मी तिसऱ्याखाली.

मग १० सप्टेंबर. ओरेमच्या विद्यापीठात, आमच्यापासून गाडीनं वीस-पंचवीस मिनिटांवर, उजव्या विचारांचे तरुण पुढारी चार्ली कर्क यांना भर सभेत गोळी घातली गेली, ते गेले. मला त्यांची मतं पटत नसत. काकूंना ते आवडत, नातवंडं त्यांचे व्हिडिओ पाठवत. बातमी आली तेव्हा मी ऑफिसात होते. संध्याकाळी घरी न जाता काकूंकडे गेले. टीव्ही चालू, आवाज बंद. मी भाताचा कुकर लावला, वरण केलं, कारण मला तिथं दुसरं काय करायचं ते सुचत नव्हतं. त्या रडल्या. मी एकही वाक्य बोलले नाही. 'पण'नं सुरू होणारी चार-पाच वाक्यं माझ्याकडे तयार होती, ती तशीच घेऊन घरी आले. पुढचे काही दिवस दोन्हीकडचे लोक समाजमाध्यमांवर जे लिहीत होते ते वाचून मी फोनवरून दोन ॲप काढून टाकली. एक नंतर परत टाकलं.

त्याच महिन्यात २७ तारखेला नेल्सन गेले, वयाच्या १०१ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी रविवारी मिशिगनमध्ये ग्रँड ब्लँकला आमच्या चर्चमध्ये एकानं प्रार्थना चालू असताना गाडी घुसवली, गोळ्या झाडल्या, आग लावली. चार माणसं गेली, हल्लेखोरही पोलिसांच्या गोळीनं मेला. दोन दिवसांनी काकूंचा फोन: तुला ते इंटरनेटवरून पैसे पाठवता येतात ना? मला वाटलं जखमींसाठी. नाही. आपल्याच चर्चमधल्या एकानं हल्लेखोराच्या बायको-मुलासाठी मदत सुरू केली होती. काही दिवसांत ती तीन लाख डॉलरच्या वर गेली. काकूंनी मला वीस डॉलरची नोट दिली. मी ती हातात घेऊन उभी राहिले. खरं सांगायचं तर माझं मन होत नव्हतं. त्या म्हणाल्या, 'लहान मुलगा आहे म्हणे. कार्ड चालत नाहीये का?' म्हटलं, चालतंय. माझ्या कार्डावरून चाळीस गेले.

आणि मग नोव्हेंबरात रेघ. नव्या वॉर्डात काकूंना दुसरी जोडीदारीण मिळाली, मला इकडे एक एकोणीस वर्षांची कॉलेजची मुलगी, तिला गाडी येते. जुळ्यांची आई माझ्याकडे राहिली, डबेवाल्या आजी काकूंकडे गेल्या. मार्चच्या कॉकससाठी काकूंनी मला आत्ताच सांगून ठेवलंय, प्रिसिंक्टची रेघ वेगळी असते म्हणून.

काकूंच्या पावाचा पत्र्याचा डबा मात्र माझ्याकडे राहिला होता, रेघ पडायच्या आधीच्या सोमवारचा. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत. दिवाळीतला उरलेला चिवडा भरला, वर चार चकल्या ठेवल्या आणि रस्ता ओलांडून देऊन आले. रात्री मेसेज आला: यात तिखट काय आहे ते, आणि ते काढून पुन्हा करता येईल का?